दररोज बाहेर जाणारे : शून्य

रकाना १. गावाचे नाव व ठिकाण

बेलजवळगा. तामलवाडीच्या फाट्यावरून आत पाच किलोमीटर. सोलापूर पाऊण तासावर.

रकान्यात एवढंच मावतं. न मावणारं असं, की बेलजवळगा हे धड गाव राहिलेलं नाही आणि शहर व्हायला अजून पुष्कळ अवकाश आहे. वेशीच्या आत जुनी वस्ती, मारुती, दोन किराणा दुकानं, ग्रामपंचायत. वेशीच्या बाहेर माळावर गेल्या पंधरा वर्षांत उगवलेली पोपटी-गुलाबी घरं, प्रत्येकी दीड-दोन गुंठ्यांत बसवलेली. या भागाला सगळे 'प्लॉटिंग' म्हणतात. सोलापुरात जागा परवडत नाही, तुळजापुरात मिळत नाही, म्हणून माणसं इथं येऊन राहिली. राहिली म्हणजे झोपायला. सकाळी पावणेसहाला मुक्कामी एसटी गाडी निघते. तिच्यात बसून निम्मं गाव सोलापूरला जातं आणि संध्याकाळी सातपासून तुकड्यातुकड्यानं परत येतं.

मधले तेरा तास गाव तुळजाबाईच्या हवाली.

रकाना २. लोकसंख्या

(चौकोन एकच छापलाय. दोन हवे होते. एक दिवसाचा, एक रात्रीचा.)

तुळजाबाई तीस वर्षं अंगणवाडीत मदतनीस होती. दुसऱ्यांची लेकरं सांभाळायची, त्यांची नाकं पुसायची, कुणाची आई यायला उशीर झाला तर दारात बसून राहायचं. निवृत्त झाली तेव्हा नवरा जाऊन चार वर्षं झाली होती, लेक परंड्याला नांदत होती, आणि हाताला काम नव्हतं. मग शिवांजली आली.

शिवांजली नवी नवरी. सोलापूरला एका दवाखान्यात रक्त तपासायच्या खोलीत नोकरी. नवरा अमरसिंह तिकडंच एका ट्रॅक्टरच्या दुकानात हिशोबनीस. एके दिवशी घाईघाईनं तुळजाबाईच्या दारात उभी राहिली.

"मावशी, गॅसवाला येणार हाय. एवढी किल्ली ठिवता का? आजच्या दिवस?"

ती आजच्या दिवसाची किल्ली चौदा वर्षं तिथंच आहे. तिच्या मागोमाग दुसरी आली, तिसरी आली. आता भिंतीवरच्या फळीला त्रेचाळीस खिळे आहेत आणि प्रत्येक किल्लीला ज्या त्या घरच्या बाईच्या पोलक्यातली चिंधी बांधलेली आहे, कारण तुळजाबाईला अक्षरापेक्षा कापडाची ओळख पक्की.

किल्ली ठेवायची म्हणजे नुसती ठेवायची नाही. नळाला पाणी पाचव्या दिवशी येतं, तेही दहा ते दोनच्या मध्ये कधीही, आणि आलं की पाऊण तासात जातं. तेवढ्या वेळात वेशीतल्या चार बायका हाताशी घेऊन त्रेचाळीस घरांच्या टाक्या भरायच्या. सिलिंडर घ्यायचं. शाळेतून आलेल्या पोरांना दार उघडून द्यायचं आणि "आधी हातपाय" असं ओरडायचं.

आणि नऊ वर्षांपूर्वी एकाच दुपारी प्लॉटिंगवरची दोन घरं फुटली, तेव्हापासून आणखी एक काम वाढलं. घरं बंद आहेत हे दिसू द्यायचं नाही. त्रेचाळीस दारांत चपलांचे जोड मांडून ठेवायचे: एक बाईचा, एक बाप्याचा, जमलं तर एक पोराचा. दोरीवर ओली साडी टाकायची. पाच-सहा घरांत रेडिओ लावून ठेवायचा. दुपारी चपला जरा इकडंतिकडं हलवायच्या, म्हणजे कुणीतरी बाहेर जाऊन आल्यासारखं वाटतं. आणि सगळ्यांत मोठा नियम, तो तिनं गावातल्या लहानथोरांना घोकून घोकून पाठ करून घेतला होता:

"परक्यानं इचारलं, तर कुणी कुठं जात न्हाय. सगळी घरातच हायत."

नऊ वर्षांत एक कडी वाजली नाही.

रकाना ३. रोजगारासाठी दररोज बाहेर जाणारे

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले असतील. बुधवार, सकाळचे अकरा. फटफटीवरून एक तरुण आला. अंगात इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात पाटीएवढं टॅब. नाव वरद. तालुक्यातल्या गावांची पाहणी चालली होती. कुठल्या गावातून रोज किती माणसं कामाला बाहेर जातात ते मोजायचं, आणि त्यावरून नव्या गाड्यांचं वेळापत्रक ठरवायचं. त्याला चांगलं काम करायचं होतं. घरोघर फिरून माहिती घेतल्याशिवाय रकाना भरायचा नाही असं त्यानं स्वतःशी ठरवलं होतं.

पण हे सगळं सांगायच्या आधीच तो चुकला. त्यानं हाक मारली, "ओ आजी!"

तुळजाबाई शिवांजलीच्या अंगणात दोरीवर साडी पसरत होती. तिनं मान वळवली नाही.

"आजी, या घरातले कुठं गेलेत?"

"आजी कुणाला म्हनतो रे? तुझ्या आईच्या वारगीची हाय म्या." तिनं साडीचं टोक झटकलं. "आन् कुठं जातील? घरातच हायत. निजलीत."

"अकरा वाजता?"

"तुला काय करायचंय? रातच्याला पाहुणे आलते. जागरण झालंय."

वरदनं दाराकडं पाहिलं. तीन जोड चपला. आत रेडिओवर बाजारभाव चाललेले. तो पुढच्या घराकडं गेला. तुळजाबाई मागोमाग.

"इथं कोण राहतं?"

"ज्ञानोबा. अंगात ताप हाय त्याच्या. दार वाजवू नगं."

"आणि यांच्याकडं?"

"देवाला गेलीत. येतीलच एवढ्यात. ही काय, चप्पल हितंच हाय."

"चप्पल इथं ठेवून देवाला गेले?"

"मग? अनवाणी जायचा नवस आसतोय. तुमच्यात नसतंय का?"

सहाव्या घरापाशी वरद दमला. सरळच विचारलं, "मावशी, या गावातून कामाला सोलापूरला रोज कोण कोण जातं?"

मावशी ऐकल्यावर ती जरा मऊ झाली, पण नियम तो नियम. गळ्यात ओळखपत्र काय, कुणीही छापून अडकवतं. नऊ वर्षांपूर्वीचे ते दोघं चोरही मीटर बघायला आलोय म्हणूनच आले होते.

"कुणी न्हाय," ती म्हणाली. "हितंच लई कामं हायत. सगळी आपापल्या घरी सुखात हायत बघ."

त्यानं टॅबवर बोट फिरवलं. एक गोल उमटला.

पुढे तिनं त्याला चहा पाजला. शेंगाची चटणी पुडीत बांधून दिली. पोरगं गुणाचं होतं. चोर असलं तर असलं.

रकाना ४. सामर्थ्ये

वरदनं भरलेलं: गाव स्वच्छ व शांत. घरासमोर नीटनेटकेपणा. लोक देवभोळे व आतिथ्यशील. स्थानिक रोजगार पुरेसा असल्याने स्थलांतर नाही.

न भरलेलं: माळावरचा वारा. दोन गुंठ्यांत का होईना स्वतःचा उंबरा. मुलगी सोलापूरच्या कॉलेजात जाते आणि रात्री आईच्या हातची भाकरी खाते. मुक्कामी गाडीच्या ड्रायव्हर-कंडक्टरला रोज एका घरचं जेवण, पाळीपाळीनं, कुणी न सांगता. आणि पावणेसहाची गाडी. ती आहे म्हणून बाकीचं आहे.

रकाना ५. आव्हाने

खबर आणली महालिंगप्पानं. महालिंगप्पा म्हणजे मुक्कामी गाडीचा कंडक्टर, अक्कलकोटकडचा, घरी कानडी बोलणारा, बोलताना वाक्याच्या शेवटी उगाच 'री' लावणारा. त्या दिवशी जेवणाची पाळी तुळजाबाईची होती. शिवांजली ताटं वाढायला आली होती, आणि अमरसिंह गप्पा मारायला.

"अक्का," महालिंगप्पा भाकरी मोडत म्हणाला, "हे शेवटचं जेवण धरा री. एक तारखेपासनं गाडी बंद. मुक्काम बी बंद."

"का म्हणून?"

"नवीन यादी लागली. ज्या गावाहून रोजची माणसं जास्त, तिथं सकाळ-संध्याकाळ दोन-दोन गाड्या. तुमच्या गावाम्होरं शून्य लिवलंय. भोपळा!"

अमरसिंह हसला. "शून्य कसं? पाय ठिवायला जागा नसती गाडीत. तुमचं तिकिटाचं मशीन काय सांगतंय?"

"मशीन सांगतंय सगळी तामलवाडीला चढली." महालिंगप्पानं बोट चाटलं. "पास कुठले हायत तुमचे? तामलवाडीचे. आतल्या पाच किलोमीटरचं तिकीट कुणी काढलंय का कधी? म्या म्हनलं, गाडी तर रिकामीच बाहेर काढायची, बसू दे. आता बसा!"

शिवांजली म्हणाली, "पण पाहणी करायला कोण आलतं? आमच्या घरी तर कुणीच आलं न्हाय."

"आलतं म्हनत्यात. दिवसा."

"दिवसा कोण असतंय घरी?"

तुळजाबाई चुलीकडं तोंड करून बसली होती. तव्यावरची भाकरी करपली तरी तिनं उलटली नाही.

अमरसिंहनं पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला. "बरंच झालं म्हणायचं. म्या दोन वर्षं झालं सांगायलोय, सोलापूरला दोन खोल्या बघू. हिचं आपलं एकच, गाडी हाय की. आता न्हाय गाडी. पाच किलोमीटर काय हिनं अंधारात चालत जायचं का?"

शिवांजलीनं त्याच्याकडं पाहिलं नाही. "मावशी," ती म्हणाली, "तीस तारखेला सामान हलवावं लागंल."

तुळजाबाई म्हणाली, "व्हय."

रकाना ५. (मागील पानावरून पुढे)

दोन दिवसांत अकरा घरांनी तेच सांगितलं. कुणी सरळ सांगितलं, कुणी आडून. कुणी किल्ली नेली आणि परत आणून दिली नाही.

तुळजाबाईला झोप येईना. तिनं आयुष्यात कुणाचं वाटोळं केलं नव्हतं. एकदा अंगणवाडीत साखरेऐवजी मीठ पडलं होतं शिऱ्यात, तेवढंच. आणि आता अख्खं प्लॉटिंग तिच्या तोंडानं उठायला लागलं होतं. बरं, खोटं बोललं म्हणावं तर ज्यांच्यासाठी बोलली त्यांच्याच घरावर फिरलं. खरं बोलली असती आणि घर फुटलं असतं, तर?

तिसऱ्या दिवशी ती बाबूरावांकडं गेली. बाबूराव तुळजापूरचे, जन्मभर कचेरीत कारकुनी केलेले. पेन्शन झाल्यावर स्वस्त प्लॉट बघून इथं घर बांधलं होतं. गावचे सगळे अर्ज तेच लिहीत. दिवसा गावात असणारा प्लॉटिंगवरचा हा एकच बाप्या, आणि तोही दुपारी बारापर्यंत पूजेत असायचा.

"बाबूराव, यक गुन्हा झालाय माझ्या हातनं."

त्यांनी सगळं ऐकलं. अनवाणी नवसापर्यंत आल्यावर त्यांचा चष्मा नाकावरून घसरला. ते इतके हसले की आतून त्यांची बायको सरोजिनी बघायला आली.

"अहो तुळजाबाई, म्हणजे तुम्ही सरकारलाच गंडवलंत!"

"हसू नका हो. माझा जीव जायलाय."

"बरं, बरं. फेरपाहणीचा अर्ज करता येतो. कारण काय लिहू?" त्यांनी टोपण काढलं. "'प्रथम पाहणीच्या वेळी ग्रामस्थ गावात उपस्थित नसल्याने...'"

"तसं न्हाय. माझं नाव घाला. तुळजाबाई खोटं बोलली म्हणून लिवा."

"अर्जात असं लिहीत नाहीत."

"मग कसं लिवत्यात?"

बाबूरावांनी जरा विचार केला. "'गैरसमजातून'."

"कुणाच्या?"

"कुणाच्याच नाही. तीच तर गंमत असते त्या शब्दाची."

अर्ज गेला. तरी तुळजाबाईचं समाधान झालं नाही. पाहणीच्या दिवशी वरदनं चिठ्ठीवर लिहून ठेवलेला नंबर मारुतीच्या फोटोमागं खोचलेला होता. तिनं सरोजिनीबाईंच्या फोनवरून तो लावला.

"कोण? हां, ती चटणीवाली मावशी!"

"साहेब, म्या तुम्हाला खोटं सांगितलं."

"काय खोटं?"

"समदंच."

मग तो म्हणाला, "मावशी, माझा अहवाल गेलाय वर. मी स्वतः घरोघर फिरलो म्हणून सही केलीय त्यावर." त्याचा आवाज लहान झाला होता. "आता परत मोजायचं तर मला प्रत्येक माणसाच्या तोंडून ऐकावं लागेल. नाव, काम, कुठं जातो. नुसतं तुमच्या सांगण्यावर नाही."

"मग या की. पण अकराला येऊ नगा. साडेपाचला या."

"संध्याकाळी?"

"पहाटं."

रकाना ६. फेरपाहणी

(कार्यालयीन उपयोगासाठी. अर्जदाराने यात काही लिहू नये.)

थंडी मरणाची होती. गाडी मारुतीसमोर उभी, इंजिन घरघरत होतं, आणि गाडीच्या दाराशी रांग: शाली, कानटोप्या, डब्यांच्या पिशव्या. वरद बरोबर साडेपाचला आला. तोंडाला मफलर गुंडाळून, थरथरत. त्यानं रांगेतल्या पहिल्या माणसाला विचारलं, "काका, कुठं निघालात?"

काकांनी त्याला खालून वर न्याहाळलं. "कुठं न्हाय. इथंच."

"गाडीत चढताय ना?"

"बसून बघतो जरा. ऊब लागती."

वरदनं दुसरीला विचारलं. ती शरणम्मा, वसतिगृहाच्या खाणावळीत पोळ्या लाटणारी. "म्या? म्या यांना सोडायला आले."

"कुणाला?"

शरणम्मानं मागं बघितलं आणि जो दिसला त्याच्याकडं बोट केलं. "ह्यांना." तो कुलदीप निघाला, तिच्या लेकापेक्षा लहान.

"आणि तुम्ही कुठं जाता?"

"हवा खायला," कुलदीप म्हणाला.

"डबा घेऊन?"

"हवेसंगं लागतोय."

रांगेत खसखस पिकली. बाबूराव कानटोपीतून ओरडले, "अरे, सांगा की! आपलेच साहेब आहेत!" पण कुणी दाद देईना. नऊ वर्षं घोकलेलं पाठांतर. परका विचारतोय, घर बंद आहे का. आपण नाही म्हणायचं. फेरपाहणी आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, काल दवंडीही झाली होती, पण अंधारात, अनोळखी तोंडानं, हातात यंत्र घेऊन कुणी विचारलं की जीभ आपोआप वळत होती. वरदचं बोट टॅबवर अधांतरी थांबलं होतं. पावणेसहाला सात मिनिटं.

तुळजाबाई गाडीच्या चाकाशी उभी होती. ओरडून सांगावं, की बोला रे, मी सांगते बोला? नियम तिनं घातला, तिनंच मोडावा लागणार. आणि मोडला की सगळं चव्हाट्यावर. कुठलं घर केव्हा रिकामं होतं, केव्हापर्यंत रिकामं असतं, एका अनोळखी पोराच्या पाटीवर सगळं लिहिलं जाणार. तरी ती रांगेच्या तोंडाशी आली.

"लिवा साहेब," ती म्हणाली. "म्या सांगते. आन् ज्यानं त्यानं फकस्त व्हय म्हनायचं. मोठ्यानं."

आणि तिनं पहिल्या काकांच्या छातीवर बोट ठेवलं.

"ह्यो ज्ञानोबा. सोलापूरला गोडाऊनवर. घरी सुपरवायझर म्हनून सांगतोय, हाय वाचमन. वाचमनच लिवा, आता खोटं नगं. पावणेसहाला जातोय, रातच्याला आठला येतोय. घर बंद."

ज्ञानोबा कानटोपीत लाल झाला. मग तो म्हणाला, "व्हय."

"ही शरणम्मा. दोनशे पोरींच्या पोळ्या लाटती आन् घरी आल्यावर हात वर हुत न्हाय तिचा. घर बंद."

"व्हय."

"ह्या इरम्मा आन् नागम्मा, बहिणी-बहिणी. टॉवेलच्या कारखान्यात घड्या घालत्यात. यकमेकींशी बोलत न्हाईत, भांडन हाय जागंवरनं, पण सीट यकच धरत्यात. घर बंद. दोन्ही."

"व्हय," इरम्मा म्हणाली. नागम्मानं नुसती मान हलवली, मग बहिणीनं कोपरानं ढोसल्यावर म्हणाली, "व्हय."

"हा कुलदीप. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात. हवा बिवा काय खात न्हाय, सकाळी दोन वडापाव खातोय श्टँडवर आन् डबा तसाच माघारी आनतोय. आईला कळू देत न्हाय, तो डबा दुपारी शाळेतनं आलेलं माझ्याकडचं यक लेकरू खातंय दुसऱ्या दिवशी. घर बंद."

"मावशी!"

"व्हय म्हन."

"...व्हय."

वरद लिहीत होता. बोटं गारठली की मफलरमध्ये घालायचा, पुन्हा लिहायचा. ती एकेक पुढं जात होती. अर्पिता आणि मैथिली, कॉलेजच्या पोरी, एक डॉक्टरकीला आणि एक हिशोबाला. अमुक शिपाई, तमुक मास्तर. हलायचं म्हणणारी बाकीची घरं कालच 'गाडी असली तर कशाला जातोय' म्हणाली होती. कुणाला मधुमेह, कुणाची परीक्षा जवळ आलेली, कुणी तीन महिन्यांची पोटुशी आणि अजून सासरी सांगितलं नव्हतं (ते तुळजाबाईनं वरदच्या कानात सांगितलं, आणि "हे लिवू नगा, पन तिला सीट धरा" असं म्हणाली). प्रत्येक नावाच्या शेवटी "घर बंद", आणि प्रत्येक "घर बंद"ला तिचा आवाज किंचित अडखळायचा, जणू एकेक दार तीच आपल्या हातानं सताड उघडत होती.

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. महालिंगप्पा दारातून म्हणाला, "अक्का, पावणेसहा वाजून गेले री."

"थांब रे जरा. सरकारी काम चालू हाय."

रांगेच्या शेवटी शिवांजली होती. शेजारी अमरसिंह, हात खिशात.

तुळजाबाई तिच्यासमोर आली आणि थांबली. चौदा वर्षं हे तोंड ती रोज पहाटे बघत होती. अर्धं झोपेत, केसांची पिन दातात धरलेली.

"ही शिवांजली," ती म्हणाली. "रक्त तपासायच्या खोलीत. सातच्या आत पोचावं लागतंय, उपाशी माणसं बसलेली आसत्यात हिच्यासाठी." मग ती वरदकडं वळली. "पन ही तीस तारखेला चाललीया. सोलापूरलाच राहणार हाय, नवऱ्यानं ठरवलंय. आता हिला धरायची का न्हाय, ते म्या सांगू शकत न्हाय. गेल्या टायमाला खोटं सांगितलं, आता यक बी माणूस जास्तीचं सांगणार न्हाय."

वरदनं शिवांजलीकडं पाहिलं. "ताई? तुम्हाला धरू का?"

अमरसिंह मधेच बोलला. "साहेब, गाडी राहिली तर—"

"गाडीचं मी सांगू शकत नाही. मी मोजणार, ठरवणारे वर आहेत. आज मोजायचं का, एवढंच विचारतोय."

गाडीच्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली होती. नागम्मासुद्धा.

"धरा," शिवांजली म्हणाली.

"अगं," अमरसिंह म्हणाला, "मला इचारशील का न्हाय?"

"तुम्हाला बी इचारतील की आता. माझ्यामागं तुमचाच नंबर हाय."

गाडीत हशा पिकला. वरद, गारठलेला, लाल नाकाचा, अमरसिंहकडं बघत उभा राहिला. अमरसिंहनं एकदा बायकोकडं पाहिलं, एकदा तुळजाबाईकडं, एकदा खिडक्यांतल्या डोक्यांकडं. "च्यायला," तो म्हणाला, "यवढ्या लोकांत न्हाय म्हनायला काय दगडाचं काळीज हाय का माझं? धरा."

"मोठ्यानं," तुळजाबाई म्हणाली.

"धरा!"

रकाना ७. एकूण

शहाण्णव.

खोडले. सत्त्याण्णव. (महालिंगप्पानं गाडी हलताना दारातून ओरडून सांगितलं, की मैथिलीची आई मागच्या सीटवर आधीच बसून झोपली होती, ती मोजायची राहिली.)

रकाना ८. शेरा

गाडीचा लाल दिवा फाट्याच्या वळणावर गेला, तसं गाव एकदम रिकामं झालं. बाबूराव पूजेला पळाले. मारुतीसमोर दोघंच उरले.

"मावशी, मी आजच पाठवतो," वरद म्हणाला. "माझी पहिली पाहणी चुकली हेही लिहितो. पण खोटी आशा लावत नाही. फार तर तीन महिने चालू ठेवतील, मग परत बघतील. तोवर पास मात्र इथले काढायला सांगा सगळ्यांना. पूर्ण तिकीट. पाच किलोमीटरसकट."

"सांगते."

"कुरकुरतील."

"कुरकुरू दे. तिकीट न काढता बसायचं, आन् वर गाडी कागदावर बी पायजे म्हनं." तिनं टॅबकडं बोट केलं. "साहेब, हे सगळं लिवलेलं... बंद घरांचं... कुठं जातंय ते?"

"कचेरीत. फक्त आकडे जातात, नावं नाहीत. नावं माझ्याजवळ राहतात."

"तुमच्याजवळ म्हंजी?"

"कुलूप आहे त्याला," वरदनं टॅब दाखवलं. "माझ्या अंगठ्याचं."

तुळजाबाईनं तो अंगठा धरून उजेडाकडं केला आणि नीट पाहून घेतला, लेकरांची नखं बघायची तसा. मग सोडला.

"चालंल," ती म्हणाली. "आता चहा घ्या आन् चला माझ्यासंगं."

"कुठं?"

"आज पाचवा दिवस. पाण्याचा. तीन महिन्यांनी तुमी परत मोजायला येणार, तवर उन्हाळा आलेला आसंल. पाचव्याचं आठव्यावर जाईल. गाडी हाय पन आंघोळीला पाणी न्हाय म्हनून बी माणसं उठून जात्यात, ते कुठल्या रकान्यात लिवत्यात?"

"मावशी, पाण्याचं खातं वेगळं आहे."

"आसू द्या की येगळं. तुमी एका घराची तोटी धरा, म्या दुसरी धरते. दहा ते दोनच्या मधी कवा बी येतंय. सुट्टी टाका."

वरदनं घड्याळात पाहिलं. सहा वाजून दहा मिनिटं. मग त्यानं फटफटी मारुतीच्या भिंतीला लावली आणि मफलर सोडला.